काकूची सिंगल फेज

दिवसा आडवं झालेलं माणूस काकूला बघवत नसे. जेवणानंतर जरा लवंडलेल्या व्याह्यांनाही ती विचारायची, "पावणं, बरं नाय का?" व्याही बिचारे उठून बसायचे. निमगाव सावाच्या आमच्या घरात दुपारच्या झोपेची चैन कोणालाच नव्हती, माझ्या या धाकट्या चुलतीला तर नव्हतीच.

तिच्या फुप्फुसात गाठ निघाली तेव्हा पुण्याच्या डॉक्टरांनी इम्युनोथेरपी सांगितली. शरीराचीच ताकद रोगाशी लढायला लावायची, असं त्यांनी सोपं करून सांगितलं. काकूने त्यातला 'ताकद' एवढाच शब्द उचलला. गावात अशक्तपणाला सलाईन लावतात, तसंच हे पुण्यातलं, असं सगळ्यांनी धरलं. दर खेपेनंतर शेजारणी यायच्या आणि विचारायच्या, ताकदीचं सलाईन झालं, आता पळत असशील?

काकू पळत नव्हती. भाकरी थापताना तिचा हात मध्येच थांबायचा. एकदा ती घरात कुठे सापडेना. शेवटी कांद्याच्या चाळीत, रिकाम्या गोण्यांवर झोपलेली दिसली. जागी झाली तशी तिने आधी माझ्यामागे कोणी आहे का ते पाहिलं.

"कुणाला सांगू नको," ती म्हणाली. "ताकदीचं सलाईन घिऊनबी लोळती म्हनत्याल."

मला काहीच वाटलं नाही. त्या दिवसांत मला कशाचंच काही वाटत नसे. गाडी काढायची, तिला पुण्याला न्यायचं, परत आणायचं, एवढंच कळायचं. पुढच्या खेपेला मी डॉक्टरांना चाळीचं सांगून टाकलं, आणि काकू माझ्याकडे खाऊ की गिळू अशी बघत राहिली.

डॉक्टर म्हणाले, हा आळस नाही. या औषधाने थकवा येतो, कधी थायरॉईडही मंदावतं, म्हणून थकवा लपवायचा नसतो. रक्त तपासलं, तर थायरॉईडच निघालं. गोळी सुरू झाली. थोडं चाला, मग पडा, आणि अंगात जोर असेल तेव्हाच गरजेचं काम उरका, असंही त्यांनी सांगितलं.

हे शेवटचं तिला चटकन समजलं. आमच्याकडे शेतीला थ्री फेज लाईट ठरल्या वेळीच येते, तेवढ्यात मोटार चालवून पाणी भरायचं. बाकी वेळ सिंगल फेज; तिच्यावर घरातला बल्ब लागतो, मोटार नाही. रेटून चालवली तर जळते. आणि डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मरच जळाला, तर बल्बही नाही.

"मंग सिंगल फेज हाय म्हना की," ती म्हणाली. डॉक्टरांना कळलं नाही.

घरी आल्यावर तिने खाट ओसरीवर घ्यायला लावली. सकाळी गोठ्यापर्यंत चालून यायची, भाजी निवडायची, आणि मग भर दिवसा, दार उघडं टाकून झोपायची. कोणी आलं की पडल्या पडल्या सांगायची, "सिंगल फेज हाय. च्या तुमीच करा." बाया खरंच करायच्या. एक-दोघी चहा पिऊन तिच्याशेजारी चटईवर लवंडायच्याही.

गोळीने थकवा बराच हटला. रोग मात्र हटला नाही. औषध बंद करायचं ठरलं त्या दिवशी परत येताना मी सवयीने विचारलं, काकू, कोणती फेज? ती खिडकीबाहेर बघत होती.

"डीपीच जळाली, राव."

मी गाडी चालवत राहिलो.

तेरावं झालं. दुपारी जेवणं उरकल्यावर मी तिच्या खाटेवर आडवा झालो. दार उघडंच होतं. तेच व्याही निरोप घ्यायला ओसरीवर आले, मला बघून थबकले आणि हळूच म्हणाले, "बरं नाय का?"

मी उठलो नाही. नाय, म्हणालो, आणि तेव्हा कुठे मला रडू आलं.