घरची हबारी

वाइंडरने जन्मात कुणाची विचारपूस केली नव्हती. पंपाच्या, पंख्याच्या जळलेल्या मोटारींत तांब्याची तार नव्याने भरून द्यायची, हा त्याचा धंदा. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की हा मान वर न करता विचारणार, “काय जळलं?” या-बसा करायला बायको होती. ती गेल्या वर्षी गेली, आणि दुकानातलं बोलणंच आटलं.

आता हाच गडी परमुलखात, लेकीशेजारी टॅक्सीत बसून तिथली स्वाहिली भाषा घोकत होता. लेकीने पसंत केलेला मुलगा इथलाच, आजीने वाढवलेला. आजी नाही म्हणाली तर तो लग्न करणार नव्हता, आणि मुलीच्या बापाला पारखल्याशिवाय आजी हो म्हणणार नव्हती.

“दारात ‘होदी’ म्हणायचं, दार ठोकायचं नाही,” लेक बजावत होती. “आजींना ‘शिकामो’, म्हणजे नमस्कार. मग त्या हबारी विचारतील. कामाची, प्रवासाची, घरची. हबारी म्हणजे आपली खबरच. दर वेळी ‘न्झुरी’ म्हणायचं. छान.”

“आणि छान नसलं तर?”

“तरी आधी न्झुरीच. बाबा, आज तुमचा खरेपणा नको हं. हात जोडते.”

नादुरुस्त वस्तूला ठीक आहे म्हणायची वाइंडरला सवयच नव्हती.

“होदी,” आजीच्या दारात उभा राहून तो कसाबसा म्हणाला.

“करिबू,” आतून आवाज आला. या.

खोलीत टेबलफॅन घरघरत होता. याच्या दांड्याचा बुश झिजलाय, हे वाइंडरने उंबऱ्यातच ओळखलं आणि हात तिकडे वळलाच. लेकीने डोळे वटारले. हात खिशात गेला.

“शिकामो.”

“मराहाबा,” आजी म्हणाली. मोठ्यांनी द्यायचं उत्तर तेच. मग तिने कामाची हबारी विचारली. न्झुरी. प्रवासाची? न्झुरी. आजीशेजारी बसलेला नातू, होऊ घातलेला जावई, जरासा हसला.

“हबारी झा न्युंबानी?”

घरची. चहाचा कप हातात धरून आजी त्याच्याकडे बघत होती. “बाबा, न्झुरी,” लेक कुजबुजली. म्हणायला काय जात होतं? पण छान म्हणायचं म्हणजे बायको असली काय, नसली काय, सारखंच. तेवढं त्याच्याने होईना.

“घरी छान नाही,” तो मराठीतच म्हणाला. “हिची आई गेली.”

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. आपल्या हाताने पोरीचं वाटोळं केलं, असं वाटून वाइंडरला खाली बघवेना की वर. नातवाने हळू आवाजात आजीला अर्थ सांगितला. तिने कप ठेवला, खुर्चीचा हात धरून उठली आणि वाइंडरसमोर येऊन उभी राहिली.

“पोले,” ती म्हणाली. “पोले साना.”

दुसऱ्याच्या दुःखात म्हणायचा हा शब्द लेकीने शिकवला नव्हता. तरी त्याला कळलं, आणि वर्षभर आवरलेले डोळे भरून आले.

मग आजी नातवाशी बराच वेळ बोलली.

“आजी म्हणते, माणूस खरा आहे, लग्न होऊ दे,” नातू लेकीकडून शिकलेल्या तोडक्यामोडक्या मराठीत म्हणाला. “पण मुलगी इकडे आली की तुम्हाला घरची हबारी कोण विचारणार? ते आधी ठरवा.”

वाइंडरने लेकीकडे पाहिलं. आई हिचीही गेली होती, आणि त्याने एकदाही विचारलं नव्हतं.

“तू कशी आहेस गं?” तो म्हणाला.

“न्झु...” म्हणता म्हणता लेक त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडू लागली.