दोन माणसांचा एक नंबर

लुविंगूच्या आमच्या रेडिओवर कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या बाईंना सगळे बाना कासोंदे म्हणतात. बाना म्हणजे आई; कासोंदे हा त्यांचा थोरला मुलगा. त्यांचं स्वतःचं नाव फेबी. पण त्या नावाने हाक मारताना मी फक्त त्यांच्या आईलाच ऐकलं आहे. पूर्वी त्या बाजारात चिकांदा, म्हणजे रानकंद-शेंगदाण्याच्या वड्या, विकायच्या. पुढे राजधानीत, लुसाकाला, जाऊन एक छोटा कोर्स करून आल्या आणि रेडिओने त्यांना ठेवून घेतलं. त्या नेमकं काय करतात ते मला अजून पुरतं कळलेलं नाही, तेव्हा लिहिताना काही चुकलं तर ते माझं समजावं.

मी रेडिओच्या समितीत आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर मला घेतलं, बहुधा मी बैठकीत बोलत नाही म्हणून. बैठकीआधी मी बाना कासोंदेंच्या खोलीत जाऊन बसतो, कारण पंखा तिथेच आहे. त्यांच्यासमोर काळा पडदा असतो. त्यावर चित्र नाही, काही नाही, नुसती अक्षरं. त्या एक ओळ टाइप करतात आणि मशीन गप्प राहतं.

"झालं का?" मी विचारतो.

"झालं, बाशिकुलू. गप्प राहिलं म्हणजे झालं. बोलायला लागलं की समजायचं, काहीतरी बिघडलं. अगदी माझ्या नवऱ्यासारखं."

बाशिकुलू म्हणजे आजोबा. मला आता तिथे कोणी दुसऱ्या नावाने ओळखत नाही.

त्यांनी मला एकदा समजावलं होतं. रेडिओवरच्या प्रत्येकाचं मशीनमध्ये एक खातं असतं. बातम्यांचा एक ग्रुप, गाण्यांचा एक, जाहिरातींचा एक. ज्या ग्रुपमध्ये तुम्ही असाल, त्याचंच कपाट तुम्हाला उघडतं. "मी किल्ल्या देते आणि किल्ल्या काढून घेते, एवढंच माझं काम," त्या म्हणाल्या. एवढं मला समजलं. गोंधळ त्याच्या पुढे झाला.

आमच्याकडे सांपा नावाचे गृहस्थ होते. गावोगाव सायकलने फिरून त्यांनी शिकाऱ्यांची, कांडणाची, लग्नाची गाणी गोळा केली होती. कॅसेट सोडायला ते तयारच नव्हते, त्यामुळे त्यांचं खातं रेडिओवर सगळ्यांच्या शेवटी उघडलं गेलं. सगळी गाणी मशीनमध्ये भरून झाली आणि काही महिन्यांत ते गेले. आमच्या रीतीप्रमाणे त्यांच्या भाच्याला, कालाबाला, पाणी देऊन मामाच्या जागी बसवलं. तेव्हापासून घरचे त्याला सांपाच म्हणतात.

दफनाच्या दिवशी जेरेने थट्टा केली होती. जेरे न्गोनी, तिकडचा चिपाटाचा. आम्ही बेंबा. बेंबा आणि न्गोनी या दोन जमातींनी एकमेकांची टर उडवायची, ती मयतालासुद्धा, हे ठरलेलंच आहे; ते आम्हाला माकडखाऊ म्हणतात, आम्ही त्यांना उंदीरखाऊ. तो तेव्हा रेडिओवर बिनपगारी शिकायला यायचा. सांपांची टोपी डोक्यावर घालून तो त्यांच्या खुर्चीत बसला आणि ओरडला, "गेला एकदाचा माकडखाऊ! आता याची गाणी माझी!" रडणाऱ्या बायकासुद्धा हसल्या. त्याने हे केलं नसतं तर उलट लोकांना वाईट वाटलं असतं.

नंतर जेरेलाच सांपांच्या जागी परीक्षेवर घेतलं. काम बरं दिसलं तर कायम करायचं, असं ठरलं. त्याने बायकोमुलाला चिपाटाहून बोलावून घेतलं. बाना कासोंदेंनी सांपांचं खातं काढून टाकलं, गाणी तशीच ठेवली, आणि जेरेचं नवीन खातं उघडलं.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा कालाबा मामाची गाणी मागायला आला. मी तिथेच पंख्याखाली होतो. बाना कासोंदेंनी पडद्यावर गाण्यांची नावं आणली. प्रत्येक गाण्याच्या शेजारी, मालकाच्या जागी, एकच नाव होतं: जेरे.

कालाबा आधी हसला. "ए उंदीरखाऊ, पुरे झाली मस्करी."

जेरे वाकून बघत होता. "ही मस्करी नाही. मी हातही लावला नाही."

"हात न लावता तुझं नाव आलं? सगळ्यांवर?"

"मला काय माहीत? बाना, सांगा ना याला."

बाना कासोंदे यादी वर खाली पुन्हा पुन्हा बघत होत्या. कालाबाचं हसू गेलं. दफनाच्या दिवशी जेरे काय ओरडला होता ते त्याला आठवलं असणार. मला तर आठवलंच. तो तडक अध्यक्ष म्वाबांकडे गेला आणि जेरेला कायम करायच्या बैठकीत आता जेरेच्या चोरीचा विषय आला.

"बाशिकुलू, यानं केलं असेल का हो?" बाना कासोंदेंनी मला विचारलं. मी काय सांगणार? कधी वाटे केलं असेल, कधी वाटे नाही.

बैठकीच्या सकाळी त्या मला म्हणाल्या, "सापडलं. चूक माझीच." त्यांनी मशीनला नावांऐवजी नंबर दाखवायला सांगितलं होतं. मशीन म्हणे माणसाला नावाने ओळखतच नाही, नंबराने ओळखतं. सांपांचा नंबर सगळ्यात शेवटचा. त्यांचं खातं काढलं तसा तो रिकामा झाला, आणि पुढच्या माणसाला मशीनने तोच दिला. गाण्यांवर नंबर लिहिलेला होता, आणि तो आता जेरेचा होता.

मी मान हलवली. बैठकीत त्यांनी हेच परत सांगितलं, तेव्हा सगळ्यांनीच मान हलवली, आणि मग म्वाबा म्हणाले, "म्हणजे मशीनने जेरेला वारस केलं?"

"नाही हो. मशीनला वारस कळत नाही."

"मग गाणी त्याला दिली कोणी?"

"कोणीच दिली नाहीत."

"नंबराच्या मागे लपवू नका त्याला, बाना," कालाबा म्हणाला.

जेरे दाराशी उभा होता.

"थांबा," बाना कासोंदे म्हणाल्या, "तुमच्या डोळ्यांसमोर सरळ करते." आम्ही सगळे त्यांच्या खोलीत शिरलो. त्यांनी सांपा नावाचं खातं पुन्हा उघडलं, या वेळी वेगळ्या नंबराचं. मग एक लांब ओळ टाइप केली: जे जे जेरेच्या नंबरावर आहे, ते सांपाला द्या. पडद्यावर पुन्हा यादी आली. सगळीकडे सांपा.

"हा खरा मालक!" कालाबा म्हणाला. "आता या चोराला घालवा."

म्वाबा चष्मा लावून खालपर्यंत वाचत गेले आणि थांबले. "हा शाळांच्या गाण्याच्या स्पर्धेचा कार्यक्रम ना? हा तर परवाच्या रविवारी लागला. हाही सांपा?"

"तो माझा आहे!" जेरे दारातून आत आला. "तो, त्याच्या खालचा, आणि तो पाणीपुरवठ्याचा पण. माझी सगळी कामं गेली!"

म्वाबांनी कालाबाकडे बघितलं. "सांपा तर तू आहेस. हे तुझ्या नावावर कसं आलं?"

"माझ्या? मी हातही लावला नाही!"

कालाबाचं तोंड उघडंच राहिलं होतं.

"हेच मी केव्हाचा सांगतोय, माकडखाऊ," जेरे हळूच म्हणाला.

आधी म्वाबा हसले, मग कालाबा. तो इतका हसला की त्याला टेबल धरावं लागलं. बाना कासोंदे मात्र कपाळाला हात लावून बसल्या होत्या. "सगळंच देऊन टाकलं मी. नुसती जुनी गाणी द्यायची होती." त्यांनी समजावलं तेव्हा कोणाला पटलं नव्हतं, त्यांच्या दुसऱ्या चुकीने पटलं. जेरेला त्याच दिवशी कायम केलं.

मग वाटणी सुरू झाली. दफनानंतरच्या तारखेचं ते जेरेचं, असं धरून बाना कासोंदेंनी बरंचसं परत केलं. पण काही जुनी गाणी जेरेने मधल्या काळात खरखर काढून साफ केली होती. गाणं मामांनी आणलेलं, तारीख जेरेची. कालाबा एका बाजूला, जेरे दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये त्या.

"रानात जाऊन आणलं कोणी?" कालाबा म्हणाला.

"आणि ते ऐकू कोणामुळे येतंय? नुसता तळणाचा आवाज होता!"

शेवटी बाना कासोंदेंनी त्या गाण्यांसाठी एक नवा ग्रुप केला आणि दोघांना त्यात घातलं. मालक सांपा, पण ग्रुपमधल्या दोघांनाही उघडता येईल, बदलता येईल. दोघेही गप्प बसले.

सगळे गेल्यावर मी विचारलं, "मालक सांपा म्हणजे कोणता? गेलेला की हा?"

त्यांनी यादी पुन्हा पडद्यावर आणली.

"बाशिकुलू," त्या म्हणाल्या, "मी नुसतं सांपा लिहिलंय. कोणता, ते त्यांच्या घरच्यांना विचारा."

मी अजून विचारलेलं नाही.