डॉक्टरीणबाईंची नजर

आकुर्डीच्या या मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंवर माझा अजून विश्वास बसलेला नाही. माझी बायको बसल्या बसल्या हरवते, आणि भानावर आली की मधला वेळ तिला आठवतच नाही. मेंदूचा ईईजी काढून ‘हे फिट येणं नाही’ एवढं बाईंनी सांगितलं, पण आजाराचं नाव काही सांगत नाहीत. ‘बघू हं, घाई नको.’ प्रश्न मात्र फिरवून फिरवून विचारतात. आणल्याचं आठवत नाही अशा वस्तू घरात सापडतात का? आपण स्वतःकडे लांबून बघतोय असं वाटतं का? बायको गप्प बसते, म्हणून उत्तरं मी देतो. मग बाई चष्मा कपाळावर सरकवतात आणि म्हणतात, ‘तुम्ही नको, त्यांना बोलू द्या.’

परवा मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, ‘मॅडम, ही नाटकं असतील तर तसं सांगून टाका ना!’ त्याच क्षणी बायकोची नजर हरवली. बाईंनी तिला हात लावला नाही. ‘पाय जमिनीवर टेकवा, खोलीत काय काय दिसतंय ते मला सांगा,’ असं शांतपणे म्हणत राहिल्या. पण म्हणताना बघत होत्या माझ्याकडे.

ती नजर माझ्या ओळखीची आहे. चाकणच्या कारखान्यात आमच्या लाइनवर मशीन अचानक बंद पडलं की सुपरवायझर म्हणून मी आधी मशीनकडे बघतच नाही. शेवटचा हात ज्याचा लागला, त्या माणसाकडे बघतो.