कुटुंबाला विचारा

मुंबईच्या खोलीवरल्या समस्त गावकरी मंडळींना रामराम. पत्राला फार उशीर झाला, रागावू नका. पण आज गावासमोर माझी फजिती झाली, म्हणून लिहितो. सगळ्यांना वाचून दाखवा.

दिवाळीनंतर सांगलीहून, विश्रामबागेतल्या कॉलेजच्या बाई पाण्याची पाहणी करायला आल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "गावचा नळ कुठं हवा? तुमच्या कुटुंबाचं काय म्हणणं आहे?" आपल्यात कुटुंब म्हणजे बायको. मी म्हटलं, "ती चुलीपाशी हाय, तिलाच विचारा." त्यांना घरातल्या सगळ्यांचं मत हवं होतं, हे मला मागाहून कळलं. तोवर दोघींचं गूळपीठ जमलं होतं. मग बाईंनी घरोघरी बायकांनाच विचारलं.

आज सरकारी साहेब त्यांचा अहवाल घेऊन जागा आखायला आले. मी फेटा बांधून पुढं झालो, तर म्हणतात, "अहवालातल्या मावशी कुठं आहेत?" म्हणजे आमची ही! हिनं सांगितलं होतं तिथंच, आपली आळी आणि बौद्धवस्तीच्या मधोमध, त्यांनी चुन्याची फक्की टाकली. मी पिंपळाच्या पारापाशी म्हणत होतो.

शेजारचा बापू सगळ्यांदेखत हसला, "काय गड्या, घरचा कारभारी कोण रं तुज्या?"

घरी येऊन हिला म्हटलं, "लय शानी झालीस!"

"आवं, पारापासनं घागर तुमी कवा आणलीया?"

मी फेटा सोडून खुंटीला लावला. जागा बरोबर आहे, तरी जीव जळतो. तुम्हाला विचारलं असतं, तर तुम्ही कुठं सांगितलं असतं? खरं ते लवकर कळवा. आणि पाकिटावर नाव माझंच घाला.