शून्य सावलीचं मोहाचं झाड

माझं डोकं लवकर फिरतं, हे माझ्या घरचं कोणीही सांगेल. पण आरडाओरडा करणारा मी परवडलो, रागात गप्प बसणारा मी वाईट, हे मला कोरपन्याकडच्या एका माळावर कळलं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. चंद्रपुरातल्या एका ऑफिसात मी कॉम्प्युटरवर इमारती उभ्या करायचो. नुसते नकाशे नाही. भिंती, गच्च्या, खिडक्या, सगळं चहूबाजूंनी फिरवून बघता येईल असं. कोरपन्याकडे एक कॉलनी बांधायची होती आणि तिथली हिरवाईसुद्धा त्याच मॉडेलमध्ये मोजून दाखवायची होती. प्रत्येक झाडाच्या फांद्यांचा घेर आकड्यात भरला की कोणत्या भिंतीवर किती सावली पडेल ते कॉम्प्युटर सांगे. ज्याची सावली शून्य, ते झाड तोडायच्या यादीत जाई.

साहेब पुण्याहून आलेले. फाल्गुनात काढलेले जागेचे फोटो माझ्या टेबलावर टाकून त्यांनी एका मोठ्या झाडावर बोट ठेवलं. अंगावर पान नाही, बुडाशी सगळं काळं.

"हे जळून मेलंय. शून्य टाक."

तो मोह होता. फुलं यायच्या सुमारास मोहाची पानं गळतात, आणि पडलेली फुलं नीट वेचता यावीत म्हणून लोक बुडाशी साचलेला पाचोळा जाळतात. चामोर्शीजवळ मामाच्या गावी मी स्वतः तो जाळलेला आहे. पण आदल्याच दिवशी साहेबांनी चार लोकांसमोर मला 'जंगली' म्हटलं होतं. मी मनात म्हटलं, घे, टाकतो शून्य. जागेवर गेलास की पडशील तोंडावर.

साहेब जागेवर गेलेच नाहीत. कॉम्प्युटरने तिथे मोकळी जागा दाखवली, आम्ही एक इमारत तिकडे सरकवली आणि नकाशे छापून ठेकेदाराकडे गेले.

चैत्रात आखणी तपासायला मलाच पाठवलं. सकाळी पोचलो तर झाडाखाली मोहफुलांचा सडा, आणि मशीनची करवत सुरू. शेजारच्या गावातली एक बाई बुंध्याला पाठ लावून उभी होती. हे झाड तिच्या सासऱ्याच्या वाट्याचं, वर्षानुवर्षं हेच घर त्याची फुलं वेचत आलेलं. नवरा तिच्या पुढ्यात, हातात कुऱ्हाड. ठेकेदार त्यांच्यासमोर माझा नकाशा नाचवत होता.

"कागदावर हे झाड मेलेलं आहे, समजलं?"

"कोनं लिवलं?" नवऱ्याने विचारलं.

ठेकेदाराने माझ्याकडे बोट केलं. त्या माणसाने कुऱ्हाड उलटी धरली आणि तिचा दांडा माझ्या खांद्यावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. दुसरा फटका बरगडीवर बसला आणि मी फुलांत आडवा झालो. तेवढ्यात ठेकेदाराचे चार गार्ड लाठ्या घेऊन त्याच्यावर तुटून पडले. डोकं, पाठ, तोंड, जिथे बसेल तिथे. त्याचे दात माझ्या डोळ्यांसमोर पडले. मला वेदनेने काही सुचत नव्हतं असं म्हणायची सोय आहे, पण ते खोटं आहे. मला बरं वाटत होतं. मी ओरडलो, "मारा साल्याले, आणखी मारा."

बाई बुंधा सोडून नवऱ्याकडे धावली, आणि करवत आत शिरली. झाड पडलं तेव्हा जमीन हादरली. नवरा हलत नव्हता. त्याच्या कानातून रक्त येत होतं. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. माझी बोली तिने ऐकली होती.

"तू तं इकडचाच आहेस. तुले दिसलं नाई का, झाड जिवंत आहे म्हून?"

"दिसलं होतं," मी म्हटलं.

तिने नवऱ्याचं डोकं खाली ठेवलं, दगड उचलला आणि माझ्या तोंडावर मारला. ओठ फाटला. गार्ड पुन्हा लाठ्या उगारून धावले.

"थांबा," मी म्हटलं, तेही धड आवाज निघत नसताना.

चौघेही जागच्या जागी थांबले. तिच्या नवऱ्याच्या वेळीही थांबले असते.