मागची सीट

साकीनाक्याचा तो मेकॅनिक इंजिन ट्यून करताना कुणाशी बोलत नाही. बाइकच्या टाकीवर तळहात ठेवून डोळे मिटतो, आणि गिऱ्हाईक मध्येच बोललं की सरळ इंजिन बंद करतो. मी "हॉर्सपॉवर वाढवा" म्हणालो, तेव्हाही त्याने तेच केलं.

"पळवणार कुठे? इथे पुढच्या बंपरपर्यंत जागा नाय. तुला टॉर्क पायजे. कमी स्पीडला ओढ पायजे."

चार दिवसांनी बाइक माझ्या हातात देऊन तो मागे बसला. चढावर गाड्या रांगत होत्या, आमच्या मागे डंपर चिकटला होता. मी दुसऱ्या गिअरवर यायला गेलो, तर त्याने माझा खांदा दाबला.

"तिसऱ्यावरच राहू दे."

बाइक थरथरायला लागली. डंपरचा हॉर्न थेट मानेवर आल्यासारखा वाजला. मी हळूच रेस दिली. इंजिन क्षणभर अडखळलं, आणि मग आम्हा दोघांना ओढत वर घेऊन गेलं.

वर पोचताच मी त्याच्यावर ओरडलो, "बंद पडली असती तर? डंपर अंगावर आला असता!"

"म्हणून तर मागे मी बसलो ना," तो म्हणाला.