उपाशी जिवाणूंची मोजदाद

बसप्पा मामा धुतलेला फ्लास्क आधी खिडकीच्या उजेडाला धरत, मग नाकाला लावत. जरासा वास आला तरी पुन्हा नळाखाली. कळंबच्या आमच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेचे ते परिचर. मूळचे उमरग्याकडचे, घरात कानडी, शिक्षण बारावी नापास. पोरांना दम भरत, "पाणी फिरवलं म्हंजे धुतलं न्हाय. वास गेला म्हंजे धुतलं."

मी तिथं शिकवता शिकवता पीएच.डी. करत होते. पदवी मिळायची होती, पण तिचा तोरा आधीच अंगात आला होता. प्रयोग साधा होता: जिवाणूंना अन्न नसलेल्या खारट पाण्यात ठेवायचं, दर तासाला त्यातलं थोडं अन्न असलेल्या प्लेटवर पसरायचं आणि दुसऱ्या दिवशी उगवलेले ठिपके मोजायचे; एक ठिपका म्हणजे एक जिवंत जिवाणू. मोजण्यात मामांचा हात धरणारं कुणी नव्हतं. अन्न नाही म्हणजे वाढ नाही, असं मी धरूनच चालले होते. आकडे मात्र पहिले काही तास चढले आणि मग थांबले. तीनदा केलं, तीनदा तेच.

"मामा, फ्लास्कात जुनं अन्न राहिलंय. नीट धुतले नाहीत तुम्ही."

"न्हाय मॅडम, म्या वास घेऊन ठेवलेत. वाढलेत ते खरं हाय. मायक्रोस्कोपखाली बघा तरी, अंगानं लई बारीक झालेत."

मी बघितलं नाही. मामांनी पुन्हा समजावलं, "पोटरीत आलेली, कणीस पोटात धरलेली ज्वारी पाणी तुटलं तरी निसवतीच की. कणीस बारीक पडतं, पर भाईर येतं."

"मामा, हे तुमचं शेत नाही," मी पोरांसमोर म्हणाले. पोरं हसली. त्याच दुपारी मी प्राचार्यांकडे लेखी तक्रार दिली आणि आठवड्याच्या आत मामांची बदली गेटवर झाली. प्रयोगाच्या वहीतली त्या आकड्यांची पानं मी लाल पेनानं खोडून टाकली.

वर्षभरानं माझे मार्गदर्शक त्याच पानांवर थांबले. "खोडलंस कशाला? हे बरोबर आहे," ते म्हणाले. अन्न तुटलं की जिवाणू डीएनएची नवी प्रत काढायला घेत नाही. पण हातात घेतलेली प्रत पुरी करतो, आणि ती पुरी झाली की दुभंगतो. म्हणून संख्या वाढते आणि आकार घटतो. मी मान खाली घालून ऐकत होते. हे मला ज्वारीवरून सांगून झालं होतं. खोडलेली पानं माझ्या प्रबंधात गेली.

मी गेटवर गेले. "मामा, तुमचं बरोबर होतं. फ्लास्क स्वच्छ होते."

"व्हय, मला ठाव हाय," ते शांतपणे म्हणाले. "तेवढं साहेबांना सांगता का? लॅब नको आता मला. पर कामात कुचराई केली असं कागदावर हाय, ते तेवढं निघू द्या."

"उद्याच सांगते," मी म्हणाले.

सांगायचं तर स्वतःची चूक लेखी द्यावी लागणार होती, आणि माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. ती कायम झाली. तरी मी सांगितलं नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

मामांच्या निरोपाच्या कार्यक्रमात प्राचार्य कौतुकानं म्हणाले, "लॅबचं काम मामांना झेपलं नाही, पण गेट त्यांनी इमानदारीनं सांभाळलं." गळ्यात हार घातलेल्या मामांनी माझ्याकडे बघितलं. मी पहिल्या रांगेत बसले होते. टाळ्या सुरू झाल्या, तशा मीही वाजवल्या.